पहिली फेरी जोड मारणाऱ्याची

अण्णा, मागच्या आठवड्यात दुकानात चार चाकांची एक फटफटी आली. तुम्ही असता तर आधी तिच्याभोवती चकरा मारल्या असत्या, टायरला लाथ हाणली असती आणि म्हणाला असतात, "हे ट्रॅक्टरचं पिल्लू हाय का मोटरसायकलचा बाप?" तिला एटीव्ही म्हणतात. रस्ता नसतो तिथंही चालते. पिशोरच्या पुढं डोंगराच्या उतारावर एका नवरा-बायकोनं सीताफळं आणि आंबे लावलेत, त्यांची ही गाडी. दोघंही शहरातल्या नोकऱ्या करून मोकळे झालेले. यंदा पावसानं दगा दिला. टँकर पायथ्याशी थांबतो आणि रोपं वर वाळत चाललीत. त्यांना गाडीच्या पुढच्या अंगाला हिच आणि विंच बसवून हवा होता. हिच म्हणजे चॅसीला घट्ट बसवलेलं चौकोनी नळीचं तोंड, त्यात विंच खोचायचा आणि पिन मारायची. विंच म्हणजे विहिरीतून दगड ओढणाऱ्या तुमच्या यारीचं नातवंड समजा. तेच काम, फक्त डिझेल इंजिनाऐवजी बॅटरीवर. तारेच्या दोराचं टोक वरच्या झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, की गाडी मागच्या पाण्याच्या ट्रॉलीसकट स्वतःलाच वर ओढत जाते.

आमच्याकडं येण्याआधी कुणीतरी त्यांना बंपरलाच पट्टी वेल्ड करून विंच लावून दिला होता. बंपर म्हणजे शोभेची नळी, ती कसला भार घेणार? अर्ध्या चढावर पट्टी उचकटली, गाडी मागं घसरली आणि साहेबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाई हे सगळं मला सांगत होत्या तेव्हा साहेब हात गळ्यात अडकवून जीपमध्येच बसून होते. खाली उतरले नाहीत. बाई म्हणाल्या, "ते म्हनतात गाडी इकून टाका आन् झाडं सोडून द्या. मी म्हनलं, एक डाव अजून बघू. ताई, ह्या बारीला नाय जमलं तर आमची झाडं गेलीच म्हनून समजा."

काम तुमच्या नातीनं केलं. तुम्ही तिला पाळण्यातच पाहिलंत. आता मेकॅनिकलची डिग्री घेऊन, पुण्यात दोन वर्षं थंडगार ऑफिसात बसून कंटाळून, घरी परत आली आहे. लोक विचारतात, नोकरी सोडली का? मी सांगते, नाही, बढती घेतली. तिनं गाडीचं नाक उघडं केलं, चॅसीची मूळची भोकं शोधली, पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून जाड प्लेट कापली. बोल्ट आवळताना चॅसीचा पाइप चेपू नये म्हणून आत नळीचे तुकडे घातले. मग प्लेटवर हिचचं तोंड ठेवून जोड मारला. बॅटरीपासूनची जाड केबल मी औरंगपुऱ्याच्या बाजारात स्वतः जाऊन आणली. तिथं आता पाय ठेवायला जागा नसते, तुम्ही सायकलवरून पत्रे आणायचात हे सांगितलं तर दुकानदार पोरं हसतात. संध्याकाळी मी तुमच्या हातोडीनं जोडावरची खपली झाडून पाहिली. नावं ठेवायला जागा नव्हती. तरी दोन ठेवली, आईचा हक्क म्हणून.

ती हातोडी तुम्ही मला कशी दिलीत ते आठवतं का? माझा पहिला जोड तुम्ही सगळ्यांसमोर ग्राइंडरनं कापून दाखवला होता. वरून गुळगुळीत, आत पोकळ. "हे मिठाईच्या दुकानात ठिव," म्हणालात, "इथं माणसं लटकत्यात." मी रडत रडत पुन्हा मारला, तुम्ही पुन्हा कापला. चौथ्यांदा कापला नाहीत. नुसती हातोडी माझ्यासमोर टाकलीत आणि चहाला निघून गेलात. कौतुक करायची तुमची हीच पद्धत होती आणि मला ती अजूनही आवडते.

तेव्हा चितेगावात आपल्या दुकानाच्या मागं ज्वारीची रानं होती. आता तिथं फ्लॅट आहेत आणि गाड्यांची शोरूम. ती दुष्काळाची वर्षं होती, जो तो आपली विहीर खोल करत होता आणि तुम्ही यारीचे सांगाडे बनवत होता. विहिरीच्या तोंडावर उभा राहणारा लोखंडी हात, त्यावरून तारेचा दोर, दोराला बकेट. बकेटीतून दगड वर यायचे आणि माणसं खाली जायची. दुसऱ्या कुठल्या दुकानात नव्हता असा एक कायदा आपल्याकडं होता: यारी विहिरीवर उभी राहिली की पहिली फेरी जोड मारणाऱ्याची. दर वेळी तुम्ही टोपी सारखी करून बकेटीत उभे राहायचात आणि खाली जाऊन यायचात. मगच लोक कामाला लागायचे.

मी गिऱ्हाइकांना एक गोष्ट नेहमी सांगते. तुमच्या डोळ्यांना वेल्डिंगची चमक लागलेली. आई स्वयंपाकघरात तुम्हाला आडवं करून डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवते आहे, बडबडते आहे, आणि यारी तर उद्या द्यायची आहे. हुकाच्या प्लेटचा जोड मी मारते. तुम्ही डोळे झाकलेलेच दुकानात येता, जोडावरून बोट फिरवता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळे तुमच्याकडं बघतात. तुम्ही लालभडक डोळ्यांनी म्हणता, "जोड माझा नाय. हिचा हाय." गावातले म्हातारे कालवा करतात, "पोरीला घालतो व्हय रं आत?" तुम्ही म्हणता, "पोरीला नाय, मिस्त्रीला." मी बकेटीत उभी राहते. तुम्ही म्हणता, "तोंड तिकडं कर आन् डोळे मीट." यारीवाला ब्रेक सोडतो. मी खाली जाते, तळाच्या गार दगडाला पाय लावते, वर येते. जिवाला आधार म्हणून दुसरा दोरसुद्धा नाही! एवढा विश्वास होता माझ्या बापाचा, असं मी शेवटी म्हणते.

परवा आम्ही गाडी घेऊन पिशोरला गेलो. उतार मी खालपासून वरपर्यंत दोनदा बघितला. पोरगी मात्र हेल्मेट घालून तयार, कायदा तिला पाठ आहे. बाई म्हणाल्या, "ताई, एखांदा गडी बशिवला असता ना." पोरगी म्हणाली, "जोड मी मारलाय, मावशी." मी तिला थांबवू शकले असते. थांबवलं नाही. विंचचा दोर वरच्या कडुलिंबाला पट्ट्यानं बांधला, दोर तुटला तर सपकन अंगावर येऊ नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकलं, तुम्ही टाकायचात तसंच. बोल्ट एकदा बघते म्हणून मी गाडीपुढं वाकले. मग वर जाऊन झाडाआड उभी राहिले.

गाडी निघाली. ट्रॉलीतलं पाणी डचमळत होतं, विंचचा ड्रम कण्हत होता. अर्ध्यावर मुरूम सुटला, चाकं फिरली आणि गाडी हातभर मागं सरकली. साहेब जीपमधून खाली उतरले. विंचचा दोर ताठ झाला, हिचचं तोंड भार घेऊन उभं राहिलं. जोडानं हूं की चूं केलं नाही! पोरीनं बटण सोडलं नव्हतं. गाडी वर आली, पहिल्या आंब्याच्या बुंध्याशी थांबली, आणि मला फार अभिमान वाटला. खाली साहेब बायकोला ओरडून म्हणाले, "टँकरवाल्याला फोन लाव. उद्यापासून रोज म्हणावं."

पोरीनं हेल्मेट काढलं आणि गाडीच्या नाकाखाली वाकून बघितलं. तिथं मी बोल्ट तपासायच्या निमित्तानं नायलॉनचा दुसरा दोर बांधला होता. तो शेजारच्या झाडाला दोन वेढे देऊन, तिची फेरी संपेपर्यंत, मी हातानं ओढून धरला होता.

"आई, हे काय? आजोबांनी तुला दुसरा दोर बांधला नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हणाले.

 तिनं गाठ सोडली, दोर गुंडाळला आणि आमच्या सामानात टाकला. रात्री ताट वाढताना तिनं माझे सोललेले तळहात पाहिले. मी म्हणाले, विंच गरम झाला होता. बटण पूर्ण वेळ तिच्या हातात होतं हे तिला माहीत आहे. तिनं तुपाची वाटी माझ्याकडं सरकवली आणि भाकरी थापायला वळली.

त्या दिवशी विहिरीवरून आल्यावर आईनं तुम्हालाही असंच तूप दिलं होतं, अण्णा. तळहात सोलपटले होते. "यारीचा ब्रेक तापला व्हता," तुम्ही म्हणालात आणि मान खाली घालून जेवलात. ब्रेक तर यारीवाल्याच्या हातात होता.

हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नाही, पोरीपासून लपवायचं कुठं हा आहे. तेव्हा लिहून झालं की चुलीत घालीन. तुमची गोष्ट मी आजवर सांगितली तशीच सांगत राहणार, दुसऱ्या दोराशिवाय. पण तुम्हाला म्हणून सांगते. वर येताना विहिरीच्या तोंडाशी मी डोळे उघडले होते. बकेटीला बांधून बाभळीला वेढा दिलेला दुसरा दोर आणि तो ओढणारे तुमचे हात, दोन्ही मी पाहिले होते.