दोन इमारतींमधली मोकळी जागा

१० जानेवारी २०१८
जिग्नेशला दिलं! कॉलेजच्या नव्या आराखड्याचं काम — जिग्नेशला. प्राचार्य म्हणाले, आपलाच विद्यार्थी, अहमदाबादहून आर्किटेक्ट होऊन डहाणूला परत आलाय. आणि मी? या जुन्या कॅम्पसची कमान न् कमान मी मोजलीय. पट्टी कशी धरायची ते त्याला मीच शिकवलं! नुसता जळफळाट होतोय. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

१४ जानेवारी
चहा देताना बायको म्हणाली, काहीतरी करपल्याचा वास येतोय. गॅस तर बंद होता.

३ फेब्रुवारी
जिग्नेश आराखडा घेऊन मसोलीला घरी आला. पाया पडला. काम सुरेख — कबूल करताना जीव जातो. पण नवं ग्रंथालय कुठे? दोन जुन्या इमारतींमधल्या मोकळ्या जागेत! ज्याने हे कॉलेज बांधलं त्याने ती जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. समुद्रावरचा वारा तिथूनच आत येतो आणि मागच्या सगळ्या वर्गांत फिरतो. वीज गेली तरी मुलं उन्हाळ्यात वर्गात टिकतात ती त्याच्यामुळे.

आणि हा मच्छीमाराचा पोर! याची आई शांतीबाई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालते. दोन रांगांमध्ये वाऱ्याला वाट सोडल्याशिवाय एक बोंबील टांगत नाही. हा शिकला आणि घरचंच विसरला.

"सर, काही चुकलंय का?"

"छान आहे," मी म्हणालो.

२० फेब्रुवारी
सभेत प्राचार्यांनीही विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. माझ्याकडेच बघत होते. सांगितलं असतं तर त्याने दोन दिवसांत सुधारलं असतं, आणि कौतुक पुन्हा त्याचंच! गप्प बसलो. पडू दे तोंडावर. घामाघूम झालेली मुलं त्याच्या नावाने खडे फोडतील.

९ डिसेंबर
ग्रंथालयाचा स्लॅब टाकून झाला. मागच्या वर्गात कॅलेंडरचं पान हलत नाही. शर्ट पाठीला चिकटला — डिसेंबरात! आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला.

३० एप्रिल २०१९
आज माझा निरोप समारंभ. जिग्नेशने ग्रंथालयाच्या दारावरचा पडदा ओढला. पितळी अक्षरं — माझं नाव! त्यानेच हट्ट धरला होता म्हणे. "सरांना आराखडा दाखवल्याशिवाय मी एक वीट लावली नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. टाळ्या थांबेनात.

उद्यापासून मे.