तर्री काढलेली वाटी

गडचांदूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

खुर्शीदा बेटी,

सलाम. तू, जोया, तुझी अम्मी, सगळे खुशाल असाल अशी दुआ करतो. इथी जाहिद बरा आहे, पण बापाशी बोलत नाई. पाहुण्यासारखा जेवते आणि ताट उचलून निघून जाते. भोजनालय चालू आहे. थंडी यंदा कडक आहे, पोरीचे कान झाकत जा.

घरी आपण हिंदी बोलतो, पण मले लिहिता येते ती मराठीच, झेडपीच्या शाळेतली, सातवीपर्यंतची. तू मास्तरीण आहेस, चुका दिसतीलच; लाल पेन हाती घेऊ नको. फोन तू उचलत नाईस, आणि उचलला असतास तर मी ओरडलो असतो. म्हणून कागद.

पहिले माझा राग ऐकून घे. बुधवारी पहाटेच्या एसटीनं पोरीले घेऊन तू गडचिरोलीले माहेरी निघून गेलीस. सासऱ्याले ‘येते’ म्हणायची रीत आहे का नाई? मी दारातच उभा होतो. तू वजनकाटा पिशवीत टाकला, जोयाची टोपी बांधली आणि माझ्या बाजूनं अशी गेलीस, जसा मी दाराचा खांब.

आणि राग त्या नागपूरच्या दवाखान्यातल्या कागदावरही आहे. जोयाचे झटके गोळ्यांनी थांबत नाई, म्हणून आता जेवणच औषध! भात बंद, पोळी बंद, गूळ बंद. पाच वर्षांची पोर, चहूकडे धानाचा मुलूख. मुखरूभाऊ कुरखेड्याहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन येते, घरभर वास सुटते, आणि आपली पोर त्या पोत्याकडे पाहत पालक गिळते. भाजी तरी कशी? चाळीस ग्रॅम दुधी आणि त्यात पंचवीस ग्रॅम तूप! बत्तीस वर्षं मी भाज्या करून राह्यलो. चहाच्या गाडीवरून सुरू केलं, आज सिमेंटच्या कारखान्यातले दीडशे लोक माझ्या हातचं जेवतात. भाजी कवा तेल पिते आणि कवा ओकते, हे मले कढईच्या आवाजावरून समजते. आणि मले कागद शिकवणार?

मी तिथल्या आहाराच्या रश्मी मॅडमले तोंडावर विचारलं होतं, आठवते ना? "मॅडम, ही भाजी आहे का दिवा? वात लावून देऊ का?"

ती हासली. म्हणे, "चाचा, दिवाच समजा. तेल सरलं की विझतो." आणि तुझ्याकडे वळून म्हणाली, "वाटीत तूप उरलं म्हणजे औषध उरलं. वाटी पुसून खाऊ घाला."

हे मी ऐकलं होतं. माझे कान तिखट आहेत हे सारं गडचांदूर जाणते. ऐकलं नाई, असं मी म्हणू शकत नाई.

खोटं काऊन बोलू? गुण आला होता. दिवसाले आठ-दहा झटके येणारी पोर, सहा आठवडे एक नाई. एका दुपारी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन ती स्वयंपाकघरातून गल्ल्यापर्यंत चालत आली, थेंब सांडला नाई. "दादा, पाणी." गिऱ्हाईक बिलासाठी उभं होतं आणि मी तो पेला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

मग तुझी रजा संपली, शाळा सुरू झाली. दुपारची वाटी माझ्याकडे आली. तू सकाळीच सगळं तोलून, डब्यावर चिठ्ठी चिकटवून जायचीस. मी फक्त गरम करून भरवायचं. आठव्या दिवशी झटका आला. दहाव्या दिवशी तीन. लघवी तपासायची ती पट्टी आहार लागला की जांभळी व्हायची, ती फिकी पडत गेली. आणि तू मले विचारलंस, "अब्बा, दुपारी तिनं बाहेरचं काही खाल्लं का?"

मले! माझ्यावर शक!

मी काय बोललो ते तुले पाठ असेल. जाहिदसमोर, तुझ्या भावासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर बोललो. "तुझा काटा चुकला आहे. शिकलेल्या बाईले चार ग्रॅम तोलता येत नाई?" तू पाच रुपयांचं नाणं ठेवून त्याच्या ठरल्या वजनावर काटा तपासलास, पुन्हा दुसरं ठेवून तपासलास. ते पाहून मले आणखीच चेव आला. मी जोयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की माझ्या हातून भाताचं एक शितसुद्धा तिच्या पोटात गेलेलं नाई.

ती शपथ खरी होती, बेटी. आजही खरी आहे.

काल जाहिद त्याच्या दोस्ताशी फोनवर बोलत होता. मी भिंतीआड होतो. गुरुवारी नागपूरले दाखवायचं आहे, आणि डॉक्टर म्हणतात, आहार लागू पडत नाई, आता बंदच करू. हे ऐकलं म्हणून आज कागद घेऊन बसलो. पुढचं लिहायले दोन कप चहा लागले.

शुक्रवारची गोष्ट. दगडखाणीच्या ट्रकवरचा देवराव जेवायले बसला होता. म्हणे, "चाचा, दोन दिवसांपासून दालीत मजा नाई राह्यली. ते गावरानी तूप कुठी गेलं?"

"माझ्या दालीत तूप कवा होतं रे? तेलाची फोडणी आहे."

"मले नका शिकवू. पंधरा दिवस रोज वास येत होता. मी तर घरी बायकोले टोमणे मारून राह्यलो होतो."

मी हासलो. तेवढ्यात पोळ्या लाटणारी सुगंधाबाई, मान वर न करता, म्हणाली, "होतं ना, देवराव. नातीच्या वाटीतलं होतं." मग माझ्याकडे पाहून, "सादिकभाऊ, तुमी पोरीचं औषध ड्रायवराइले खाऊ घालून राह्यले. मी दोनदा बोलली. तुमी म्हणले, तू पोळ्या पाहा."

आपल्या भोजनालयात भाजी उतरली की पहिले पळीनं तिची तर्री काढतो. वरचं तेल वेगळ्या भांड्यात. ज्याले हवं तो मागते, "चाचा, तर्री मारके." आणि आजारी माणसाले खालची कोरडी भाजी. मले कावीळ झाली तेव्हा माझ्या अम्मीनं असंच खाऊ घातलं. जोया म्हणायची, "दादा, जीभ चिकट होते." मी वाटी तिरपी करायचो, पळीच्या पाठीनं भाजी दाबायचो, तूप सगळं निथळून घ्यायचो. पोर मग आवडीनं खायची. मले वाटायचं, पाहा, मास्तरणीले जमलं नाई ते आचाऱ्याले जमलं. अन्न फेकणं पाप, म्हणून ते तूप दालीत.

हाताले सवय होती म्हणून झालं, असं लिहिलं होतं. खोडलं. मले माहीत होतं. वाटलं, एवढ्याशानं काय होते? आणि शपथ घेताना मी शिताची घेतली, तुपाची नाई. एवढा हुशार माणूस! पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द निवडत होतो. तुझ्यावरचा, मॅडमवरचा सारा राग एकत्र केला तरी या माणसावरच्या रागाच्या पासंगाले पुरत नाई.

आता कामाचं. गुरुवारी काही बोलायच्या आधी हा कागद मॅडमले दाखव. आहार हरला नाई, तो पोरीच्या पोटात पुरा गेलाच नाई, हे सांग. सासऱ्याची लाज काढायची कशी, असं म्हणून अडू नको. तिथूनच फोन लाव, मी स्वतः सांगतो.

आणखी एक. दुधी तूप धरत नाई, ओकतो. वांगं पिते. काल मी वांगं भाजलं, कुटलं, गरम असतानाच तूप घातलं आणि अंड्याचा पिवळा बलक घोटून घोटून मिसळला. वाटी तासभर तिरपी ठेवली, एक थेंब सुटला नाई. मॅडमनं हो म्हटलं तरच. ग्रॅम तुमचे, घोटणं माझं. वाटी कोण भरवणार, हे तू ठरव.

हे पाकीट गुणवंतराव कंडक्टर गडचिरोलीच्या स्टँडवर देतील. कापडात गुंडाळलेली पळीही आहे, बत्तीस वर्षांची. कालपासून भोजनालयात तर्री काढणं बंद केलं आहे. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू दे. ती पळी फेक, मोड, काही कर. माझ्या हाती परत देऊ नको.

बेटी, तुझा काटा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. हे मी जाहिदले जेवताना सांगितलं, आज तुझ्या भावाले फोन करून सांगतो. चुकला म्हणालो होतो त्याच आवाजात सांगतो, बारीक आवाजात नाई.

जोयाच्या डोक्यावर माझ्या वतीनं तू हात ठेव. मी ठेवायच्या लायक होईन तेव्हा विचारून ठेवीन.

तिचा दादा,
सादिक