सरकी आणि अडकित्ता

सिंदी (रेल्वे),
९ डिसेंबर १९८६

प्रिय कृष्णकांत,

‘प्रिय’ लिहिलं ते पत्राला काहीतरी सुरुवात लागते म्हणून. त्यावर हुरळून जाऊ नकोस. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट उलटसुलट करून पाहत बसले, खोटं कशाला बोलू? आई चुलीपाशी होती, तिनं विचारलं, "काऊन वो नलू, कोनाचं पत्र होय?" मी म्हटलं, मैत्रिणीचं. मग वाचलं. नलू कशी आहेस, हे नाही. जगलीस की मेलीस, हे नाही. पुण्याला दर रविवारी मित्र जमवून आपला तो जुना खेळ खेळतोस, पण त्यातले किरकोळ शत्रू पटापट मरतात आणि मंडळी जांभया देतात, तेव्हा ‘तू सरकी कशी मांडायचीस ते सविस्तर कळव.’ सविस्तर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. येत्या रविवारी मला एका माणसाला लग्नाचं होय की नाही ते सांगायचं आहे, आणि नेमकी याच आठवड्यात तुला सरकी आठवावी!

घे, सविस्तर. तुझ्या मामेभावानं नागपूरहून येऊन परदेशातल्या त्या खेळाचं वर्णन केलं होतं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि मारामारी आली की फासा टाकून निकाल लावायचा. खरा खेळ आपल्यापैकी कोणी पाहिला होता? तुमच्या पडवीत खडूनं चौकटी आखल्या आणि सुरू झालो. मी तुझ्या बहिणीची, मीराची मैत्रीण म्हणून यायची, आणि गोष्ट सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वीर म्हणजे तुझं पितळी बटण आणि तुझ्या दोस्ताची, हरिभाऊची कवडी. कापसाच्या जिनिंगच्या आवारातून ओंजळभर सरकी आणली, ते राक्षसाचे शिपाई. आणि राक्षस म्हणजे तुझ्या बाबांचा अडकित्ता. ते, आमचे सदाशिवराव काका, दुपारी झोपले की मीरा तो पानाच्या डब्यातून हळूच काढून आणायची.

तुझी मंडळी जांभया देतात, कारण तू सरकीला मरायला रांगेत उभं करतोस. सरकी एका घावात पडते, पडू दे. वीराला आपल्या मनगटातला जोर कळायला ती हवीच. पण पडण्याआधी तिला काही काम नको? माझी एक सरकी घंटेकडे पळायची, एक दार लावून घ्यायची, एक नुसता दिवा विझवायची. आधी कोणाला गाठायचं यावरून तुम्ही एकमेकांशी भांडायचात. शेवटची उरलेली सरकी हत्यार टाकून हात जोडायची. हरिभाऊ तिला सोडून द्यायचा, तू मारायचास. आणि तुम्ही तिथे गुंतलात की तेवढ्यात राक्षस आपलं काम उरकून घ्यायचा. दुबळा शत्रू असतोच त्यासाठी, मोठ्याकडे पोचायला उशीर व्हावा म्हणून. हे तुला तेव्हाही कळलं नाही. राक्षसाची चौकट समोर दिसत असताना तू मागे वळून उरलीसुरली सरकी हुडकत बसायचास, कारण ती पडते. हरिभाऊ थेट राक्षसावर जायचा आणि दर वेळी पहिला मरायचा. किती हसायचास तू त्याला.

शेवट मात्र आपण एकदाही खेळलो नाही. आतून काकांचा आवाज यायचा, "मीरे, अडकित्ता कुठे ठेवला?" आणि तू ताडकन उठायचास, राक्षस उचलायचास, सदऱ्याला त्याचा खडू पुसायचास आणि आत नेऊन द्यायचास. जरा थांबा बाबा, एवढं म्हणायला काय जात होतं? मी एकदा तुला तसं बोललेसुद्धा. तू म्हणालास, "तुले माहीत नाई नलू, बाबा कसे आहेत ते." खेळ तिथेच मोडायचा आणि मी सरकी गोळा करून घरी यायची.

मग आपलं जमलं. आम्ही कास्तकार, शेतात राबणारे, तुम्ही कारकुनी करणारे, जात वेगळी, घरची रीत वेगळी. तू काय शूर झालास तेव्हा! माझ्याकडे बघून शिटी मारणाऱ्याची कॉलर धरलीस, तिकीट खिडकीवरच्या बाबूशी भांडलास, माझ्या चंद्रभानदादाला भर बाजारात सुनावलंस. मला वाटायचं, केवढा हा वाघ! आणि ऐंशी सालच्या जूनमध्ये स्टेशनवर, माझ्याकडे न बघता रुळांकडे बघत म्हणालास, "बाबा नाई म्हणाले." गाडी आली, तू गेलास. तेव्हापासून मी काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूला व्हायची. एकदा बाजारात त्यांनी स्वतःहून विचारलं, "कशी आहेस बेटा?" मी तोंड फिरवून निघून आले. त्या म्हाताऱ्याचा चेहरा कसा झाला होता, ते आता आठवतंय आणि तुझा असा राग येतोय की हातातलं पेन मोडेल.

रविवारी ज्याला उत्तर द्यायचं आहे तो हरिभाऊ. हो, तोच, कवडीवाला. आंजीच्या शाळेत मास्तर आहे. जात त्याचीही वेगळीच. आधी त्यानं स्वतःच्या आईला सांगितलं, तिनं बोलणंच टाकलं. मग आमच्याकडे येऊन थेट माझ्या बापापुढे, अण्णांसमोर उभा राहिला. आमचे अण्णा कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे. "तुम्ही कोन, आमी कोन, मास्तर? उठा, चाला!" म्हणून हाकलून दिलं. पुढच्या आठवड्यात हा पुन्हा हजर. चप्पल काढताना दोनदा अडखळला, मी दाराआडून पाहत होते. शेवटी अण्णाच थकले. म्हणाले, "आला का पुन्हा? मंग बस. च्या घे." आमच्या घरचे सगळे कबूल झाले आणि मीच अडून बसले, मुदत मागितली. कारण तू. मला वाटायचं, तू तर लढला होतास, हरलास ते तुझ्या बाबांपुढे. लढून हरलेल्याला मनातून कसं काढून टाकायचं?

म्हणून काल तुमच्या घरी गेले. काका पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी सरळ विचारलं, काका, तुम्ही त्या वेळी मला नाही काऊन म्हटलं? त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "तुला नाही म्हटलं? बेटा, मला कोणी विचारलंच कुठे?" मी तिथेच पायरीवर बसले. ते म्हणाले, विचारलं असतं तर ओरडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो. "मंग काय करतो? पोरगं तर माझंच ना." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला तेव्हा पाहिलं, त्याचा खिळा सैल झालाय, सुपारीसुद्धा धड फुटत नाही. कृष्णकांत, तो राक्षस नव्हताच रे. तीसुद्धा सरकीच होती. तू नुसतं तोंड उघडलं असतंस तर पडली असती, आणि तू तोंड उघडलं नाहीस, वरून मला खोटं सांगितलंस. एवढंच तुला कळवायचं होतं, म्हणून हे पत्र. तुझ्या खेळाचं तू बघ. मी रविवारपर्यंत थांबत नाही. पत्र पेटीत टाकते आणि तशीच आंजीच्या एसटीत बसते.

खाली ‘तुझीच’ लिहायची हाताला सवय होती. आज लिहीत नाही.

नलू