दुपारच्या दळणाला सूट

८ मे १९८६

प्रिय विशाखा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. जावईबापूंनी वडशाचं गिऱ्हाईक शोधलंय, तो आपली चक्की मोटरसकट घ्यायला तयार आहे, मी बुद्धपौर्णिमेच्या आत हो म्हणायचं आणि तुम्ही दोघं मला कायमची चंद्रपूरला घेऊन जायचं, हे सगळं वाचलं. माझ्यासाठी क्वार्टरमध्ये खिडकीपाशी पलंग टाकून ठेवला आहेस हे वाचताना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? पण मला एका ओळीत उत्तर देता येत नाही हे तुला माहीत आहे. आधी सगळं सांगून होतं, मग उत्तर निघतं. तेव्हा चहा ठेव आणि निवांत वाच. मधेच शेवटचं पान उलटून बघायची तुझी खोड आहे, ती आजच्यापुरती आवर.

दिवेलागणीला आपली चक्की सुरू झाली की गावातले बल्ब कसे लालेलाल होतात, ते तू पाहिलेलं आहेस. तू गडचिरोलीला वसतिगृहात होतीस म्हणून त्या उजेडात अभ्यास करण्यातून वाचलीस. जावईबापू तिकडे पॉवर हाऊसमध्ये रात्रपाळ्या करून वीज तयार करतात आणि इथे त्यांच्या सासूच्या घरी बिडीच्या टोकाएवढा उजेड, असं मी गमतीनं सगळ्यांना सांगते. या फेब्रुवारीत मात्र गंमत राहिली नाही. नीलाबाई आठवते ना, जंगलाकडच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली, मोहफुलं विकायला यायची ती? तिची मंगली यंदा दहावीला बसली. त्या टोल्यावरून दहावीला बसलेली पहिलीच मुलगी. गुरुजी तिला आणि आणखी चौघा-पाचांना घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, की बाई, परीक्षेपर्यंत संध्याकाळी चक्की थांबवता येईल का? आता मी थांबवते कशी? बाया वावरातून येणार संध्याकाळी, दळण आणणार संध्याकाळी, आणि माझी चूल त्याच दळणावर पेटणार. मंगली पुस्तक छातीशी धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा रागच आला, कारण तिला नाही म्हणता येईना.

वायरमन बिरजू तारा बघायला आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, डीपी एवढीशी. सांजेले सारं गाव दिवे लावते, त्यात तुमची मोटर. दुपारी चालवा ना, दुपारी करंट नुसता पडून राह्यते." वाया जाणारी वस्तू मला बघवत नाही, हे तुला ठाऊक आहे. मला चामोर्शीच्या बाजारातल्या भाजीवाल्या आठवल्या. बाजार उठायला आला की त्या भाव उतरवतात आणि माणसं आपसूक तेव्हा जातात. मीही दारावर खडूनं लिहिलं, की दुपारी दळण आणाल तर किलोमागे पाच पैसे कमी आणि संध्याकाळी पूर्ण भाव. लिहून झाल्यावर लांब उभी राहून दोनदा वाचलं. स्वतःवर इतकी खूश मी तुझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

पहिल्या आठवड्यात दुपारी कोणी म्हणजे कोणी फिरकलं नाही! उलट गावात बोलणं सुरू झालं, की दुपारचं पीठ तापतं, त्याची भाकर तुटते. "सस्तं काऊन देते? काही तरी गोम असन," असं एक जण म्हणाली आणि दहा जणींनी मान डोलावली. मी चिडून भर दुपारी दळलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या आणि चक्कीच्या दारात बसून येईल त्याला खाऊ घातल्या. भाकरी संपल्या, दळण आलं नाही. मग नीलाबाईनंच माझे डोळे उघडले. ती म्हणाली, "बाई, दुपारी आमी घरी कुठी रायतो? दुपारी घरी रायतेत ते मानसं." घे! सूट मी घराला दिली होती, पण त्या घरातलं दळण जिच्या डोक्यावरून येतं, तीच दुपारी घरात नसते. मजुरीला नाही तर जंगलात असते. आणि जे पुरुष घरी असतात ते चिंचेखाली पत्ते खेळतात. दळणाचा डबा उचलून चक्कीवर आलेला पुरुष या गावानं तोवर पाहिलेला नव्हता.

असा पहिला पुरुष आला तो डोमाजी पेटीमास्तर. विहाराच्या मागे राहतात ते. हंगामात वडशाच्या नाटक कंपनीत पेटी वाजवतात. रात्रभर नाटक, सकाळी झोप, दुपारी उठून स्वतःचं स्वतः रांधायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांचा दिवस दुपारीच सुरू होतो, त्यामुळे माझी पाटी त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखी झाली. ते खांद्यावर डबा घेऊन चिंचेखालून चालत आले तेव्हा पत्त्यांचा डाव थांबला आणि हसण्याचा गलका उठला. हे थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरतो, तवा कोनी हासत नाई. डब्याले काऊन हासता?" मग माझ्या दारात उभं राहून मोटर ऐकली आणि मला म्हणाले, "बाई, सांजेले तुमची मोटर पांढरी एकवर घसरते. आता पाहा, काळी एकमधी कशी मोकळी बोलून राह्यली." मोटरीला सूर असतो हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी पीठ जरा जास्तच बारीक काढून दिलं.

त्यांच्यानंतर टोल्यावरचा म्हातारा वारलू आला, मग हळूहळू बाकीचे. लाज एकीकडे आणि पाच पैसे एकीकडे. शेवटी गुणवंतराव, आपले जुने सरपंच, तेही धोतराचा सोगा सावरत डबा घेऊन आले. इकडेतिकडे बघत, चोरी करायला आल्यासारखे. त्यांनी घरातला पहिला दिसला तो डबा उचललेला. त्यात त्यांच्या बायकोनं बियाण्यासाठी राखून ठेवलेला हरभरा होता, आणि मीही मुकाट्यानं त्याचं बेसन करून दिलं. काकूंनी त्या दिवशी त्यांना रस्त्यावर जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, तू आलीस की सांगेन. पुरुषांना दळण बारीक हवं की जाडं हेही सांगता येईना. मग बायांनीच युक्ती काढली. डब्यावर बांधलेल्या कापडाला एक गाठ असेल तर बारीक, दोन असतील तर जाडं. आता गाठी बघायच्या आणि दळायचं, पुरुषांना तोंड उघडायची गरजच नाही!

पण एक दिवस नीलाबाई रिकाम्या हातानं आली आणि म्हणाली, "माह्या घरी मानूसच नाई, मंग मले सूट नाई का?" मलाही घरी माणूस नाही, पण मी चक्कीची मालकीण असल्यामुळे ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी तिला म्हटलं, सकाळी जंगलात जाताना डबा माझ्याकडे ठेवून जा, दुपारी मी दळीन, संध्याकाळी येताना ने. तुला वाटेल यात काय मोठं? अगं, आपल्याकडे बाया दळण पडेपर्यंत डोळ्यात तेल घालून चक्कीशी उभ्या राहतात. आपलं धान्य दुसऱ्याच्या भरवशावर टाकून कोणी जात नाही. नीलाबाईनं टाकलं. तिचं बघून आणखी बायांनी. सकाळी ओळीनं डबे यायला लागले. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून कोणीतरी बसायला हवं होतं, तर डोमाजी बसायला लागले. मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं आणि उठाही म्हटलं नाही. मार्चमध्ये परीक्षा सुरू होईपर्यंत संध्याकाळची चक्की जवळजवळ बंद झाली होती. पहिल्यांदा गावातले बल्ब पांढरे पेटले त्या दिवशी मी अंगणात उभी राहून घराघरांच्या खिडक्या बघत होते. मंगलीचा निकाल अजून लागायचा आहे. पास होईल की नाही कोण जाणे, गणिताला घाबरते.

एप्रिलमध्ये मला तापानं धरलं. तुला कळवलं नाही, रागावू नकोस. तू धावत आली असतीस आणि तुझ्या सासूबाईंची पंचाईत झाली असती. नीलाबाई रात्री सोबतीला यायची. डोमाजींनी चक्की चालवली आणि सगळ्या गावाला जाडंभरडं पीठ खायला घातलं. कोणी एका शब्दानं तक्रार केली नाही. मी पडल्या पडल्या मोटर ऐकायची. दुपारी ते दारातून पेजेचं भांडं आत सरकवून जायचे, उंबरठा ओलांडायचे नाहीत. तुझे बाबा गेल्यापासून या घरात माझ्यासाठी कोणी रांधलं नव्हतं. ती पेज अळणी होती आणि मी रडत रडत सगळी खाल्ली.

तुझ्या बाबांबद्दल एक सांगायचं आहे. गावात वीज आली तेव्हा त्यांनी मोटर आणली आणि मला पट्टा चढवायला शिकवलं. बाईमाणूस चक्की चालवते म्हणून तेव्हाही लोक हसले होते. कावीळ झाली तेव्हा आपण वाचत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि त्यांनी माझ्याकडून कसलंच वचन घेतलं नाही. फक्त म्हणाले, "गिरजा, तू भित नाई, मले तेवढंच पुरे." त्यांचा फोटो जिथे होता तिथेच आहे आणि तिथेच राहील. माझ्या मनात त्यांची जागा हलली नाही, विशाखा. हे मी तुला समजवायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

दिवाळीत मी तुझ्याकडे आठ दिवस राहिले. तू मला एक भांडं घासू दिलं नाहीस. खूप माया केलीस, पण दुपारी तू झोपलीस की मी जिन्यात जाऊन बसायची. सगळी दारं बंद असायची. माझ्या इथल्या दुपारी आता रिकाम्या नसतात. तेव्हा वडशाच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग आणि जावईबापूंची माझ्या वतीनं माफी माग.

आता राहिलेलं. गेल्या बुधवारी डोमाजींनी मला काहीतरी विचारलं. भित्रा माणूस, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मोटर चालू असताना विचारलं. ते मलाही ऐकू आलं नाही. मी मोटर बंद केली आणि म्हटलं, काय म्हणता? वारलू तिथेच बसलेला, गुणवंतराव डबा मांडीवर घेऊन बसलेले, आणि सगळीकडे चिडीचूप. बिचाऱ्यांना आता मागे सरता येईना. घसा साफ करून म्हणाले, "मी म्हनलं, बाई, आपन दोघं एका घरी राह्यलो तर कसं?" मी पिठाचे हात पदराला पुसायला लागले. माझ्याआधी गुणवंतरावच बोलले, "हो म्हना बाई, माहं दळन राह्यलं." मी हसले, आणि हसता हसता हो म्हटलं. बेचाळीस वर्षांची तुझी आई, भर दुपारी, दोन म्हाताऱ्यांसमोर!

बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी विहारात मंगलपरिणय आहे. तुझ्या सासूबाईंना मी वेगळं पत्र लिहिते आहे. त्यांना जे बोलायचं ते त्यांनी मला बोलावं, तू मधे पडू नकोस. जावईबापूंना मात्र तू आधी सांग. हे पत्र मी तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही, आणि तू रागावलीस तर तो राग सोसायची माझी तयारी आहे. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. डोमाजींचे भाऊ, पुतणे, सगळी नाटक कंपनी येणार आहे, त्यांच्याकडची माणसं विहारात मावायची नाहीत. माझे आईबाप नाहीत. तुझ्या मामाला निरोप धाडला तर त्यानं "या वयात?" एवढाच उलटा निरोप पाठवला. काल बौद्धाचार्य येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "मुलीकडून कोण उभं राह्यन?" मी आधी त्यांच्यासाठी चहा टाकला. मग मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, माझी मुलगी येईल, तीच मुलीकडची. विशाखा, येशील ना गं?

तुझीच,
आई
(गिरजा)