मी सांगितलेलं स्वप्न

विंडवर्ड, कॅरियाकू बेट
१९ फेब्रुवारी

प्रिय कॅसिल्डा,

तुझा फोन झाल्यापासून चार दिवस हे पत्र मनातल्या मनात लिहितेय. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. एक तर मी ओरडते, नाहीतर गप्प बसते. शिवाय शेजारची बर्नाडीन कपडे वाळत घालायच्या निमित्तानं कुंपणापाशी कान देऊन उभी असते. एवढे कपडे तिच्या घरात आहेत तरी का, देव जाणे. माझी पाहुणी हानेका उद्या हॉलंडला परत निघालीय. ती तिकडून हे टपालात टाकेल.

आधी इकडचं सांगते. बाबांच्या थडग्याचा दगड तयार होऊन आलाय. घराखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. नाव बरं कोरलंय, पण बाबा असते तर होडीची फळी बघायचे तसं एक डोळा मिटून बघितलं असतं आणि म्हणाले असते, शेवटचं अक्षर खाली उतरलंय. खरंच उतरलंय. आपल्या युरायसनं दगड बसवायच्या दिवशीच्या गावजेवणासाठी बोकड कबूल केलाय, ढोलवाल्यांनी ईस्टरनंतरचा शनिवार राखून ठेवलाय, कोणी मक्याचं पीठ आणून देतंय, कोणी तुरीचे दाणे. मी कुणाकडे काही मागितलं नाही. महिन्यापूर्वी मी तुला फोनवर जे स्वप्न सांगितलं, तेच दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर सांगून बसले, एवढंच. आपल्याकडे मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेलं की ते द्यायचं, त्यात मागेपुढे बघायचं नसतं. एकदा तोंडातून स्वप्न गेलं की ते आपलं राहत नाही, गावाचं होतं.

आता गंमत ऐक. त्याला पंधरा दिवस झाले नाहीत तोच बर्नाडीन सकाळी फाटकात हजर. म्हणाली, “तुझा नवरा काल माझ्या स्वप्नात आला होता हो. निळा सदरा होता अंगात. बोकड नको, मेंढा कापा म्हणाला.” मी म्हटलं, एकेचाळीस वर्षं माझ्या हातचं बोकडाचं मटण चाटूनपुसून खाल्लं आणि आता तुझ्याकडे येऊन तक्रारी करतात होय? तर म्हणे, “जिवंतपणी तुला घाबरत असेल बिचारा.” असा राग आला मला! पण रागापेक्षा हेवा जास्त वाटला. का, ते पुढे लिहिते.

डिसेंबरात तू कळवलंस की अकरा वर्षांनी येतेयस, ग्रॅहमला आणि दोन्ही मुलांना घेऊन, ईस्टरच्या दहा दिवसांच्या सुट्टीवर, आणि पांढऱ्या वाळूच्या बाजूच्या हॉटेलात खोल्या ठरवल्यास. मी वरवर बरं म्हटलं. आतून मात्र नुसती जळत होते. अठ्ठावीस वर्षं मी घरातल्या दोन खोल्या सुट्टीवर आलेल्या परक्या लोकांना देतेय, त्यांच्या चादरी बदलतेय, त्यांना मासे तळून घालतेय, आणि माझी पोटची पोर त्यांच्यासारखीच हॉटेलात उतरणार? गावात तोंड कसं दाखवायचं? दोन रविवार मी चर्चमध्ये सगळ्यांत शेवटी बसले, कुणी विचारू नये म्हणून. मग जानेवारीत तुला ते स्वप्न सांगितलं. बाबा दारात उभे होते, कॅसिल्डा कुठे आहे विचारत होते, ती आल्याशिवाय माझा दगड बसवू नका म्हणाले. तू लगेच फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलंस, हॉटेल रद्द केलं, घरीच उतरतो.

मी जिंकले. त्या दिवशी मी गुणगुणत भांडी घासली, खोटं कशाला सांगू!

आणि चार दिवसांपूर्वी तुझा हा फोन. ग्रॅहम धड बोलत नाही, मुलं रुसलीत, समुद्र सोडून सगळे दिवस स्वयंपाकात आणि कबरस्तानात जाणार म्हणून. ते सगळं मी निभावेन म्हणालीस. “फक्त एवढं सांग आई, बाबा रागावलेले दिसत होते का गं? मला झोप लागत नाही.” मी म्हटलं, नाही गं. तू परत विचारलंस, नक्की? आणि मी बोकडाचा विषय काढला.

हानेका शाळेत शिकवते, दर फेब्रुवारीत येते. पहिले तीन दिवस ती नुसती झोपते. जेवायला उठते, परत झोपते. चौथ्या दिवशी बोलायला लागते. इतकी वर्षं मी तिच्या माघारी हसायचे, की एवढा समुद्र ओलांडून ही बया झोपायला येते. परवा तुझ्या फोननंतर माझंही डोकं फिरलेलं होतं, तिला विचारलंच, काय गं, तुमच्या देशात पलंग मिळत नाहीत का? ती म्हणाली, “पलंग आहे, पण तिथं मला कुणीही हाक मारू शकतं.” मला तू आठवलीस. हडर्सफील्डच्या थंडीत पहाटे चारला उठून डेपोतून बस काढणारी, घरी येऊन पुन्हा चार माणसांचं करणारी. इथं घरी उतरलीस तर पहिल्याच दिवशी मी तुला चुलीपुढे उभी करणार, हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून ते हॉटेल. मला कळायला दोन महिने लागले, आणि तेही परकीच्या तोंडून.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. बाबा माझ्या स्वप्नात आले नाहीत, कॅसिल्डा. एकदाही नाही. बर्नाडीनकडे खरंच आले असतील तर आले असतील, माझ्याकडे नाही आले. ते स्वप्न मी रचलं. तू त्यांच्या मातीला पोचली नाहीस, ते तुला किती लागलंय हे मला माहीत होतं आणि मी नेमकं त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. आईनं असं करू नये. आणि आणखी एक, जे दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. बाबा नऊ दिवस अंथरुणाला खिळून होते. पहिल्याच दिवशी मी तुला फोन करायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “पोरीची रजा संपलीय. कळलं तर नोकरी टाकून येईल, वेडी आहे ती. मी गेल्यावर सांग.” मी ऐकलं. तू आली नाहीस असं नाही गं, आम्ही तुला बोलावलंच नाही. तू स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी देऊ दिला. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून मी खरं सांगणार आहे. बर्नाडीन वर्षभर तोंडसुख घेईल, घेऊ दे. दगड पुढच्या वर्षी बसवू, नाहीतर त्याच्या पुढच्या. तू हॉटेलात पुन्हा खोल्या सांग, मुलांना समुद्रात सोड. माझ्यावर चीड, हवं तर दहा दिवस बोलू नकोस. पण बाबा रागावले होते का विचारलंस ना? नव्हते. तुझं नाव काढून हसले होते. ते मी जागेपणी पाहिलंय, त्यांच्या उशाशी बसून.

तुझीच,
आई