पॉइंट्समध्ये सहाच माणसं

मी, लवू सीताराम परब, वय सहासष्ट, पूर्वी कारखान्यात टर्नर, आता घरी, राहणार बोरिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. डोकं ठिकाणावर आहे, असं डॉ. हर्षद सामंत यांनी तपासून सांगितलं आहे. हृदयात दोन स्टेंट बसले आहेत, त्यामुळे आता टाळाटाळ नको. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहती जागा माझ्या कमाईची आहे. माझ्यामागे ती पत्नी शेवंती हिची, तिच्यानंतर मुलगा सिद्धेश याची. ती असेपर्यंत "आई, ही विकून मोठी घेऊ" हा विषय कोणी काढायचा नाही. सिद्धेश, तुलाच म्हणतोय रे.

कलम २. हत्यारांची पेटी, मायक्रोमीटरसकट, सोसायटीचा पंप सांभाळणाऱ्या नितेशला द्यावी. आमच्या चिरंजीवांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते अजून विचारावं लागतं.

कलम ३. हॉलिडे क्लबची मेंबरशिप आणि तिचे पॉइंट्स कोणाच्याही गळ्यात घालू नयेत. मॉलमध्ये लकी ड्रॉचा प्रेशर कुकर घ्यायला म्हणून बोलावलं, तीन तास एसीत बसवलं आणि सही घेतली. दरवर्षी मेंटेनन्स भरला, त्याचे पॉइंट्स जमले; त्यांवर खोली फुकट म्हणे. मे महिन्यात खोली मागितली की फुल्ल. कुकरची शिटीसुद्धा पहिल्या महिन्यात गेली. क्लबला पत्र लिहून हे प्रकरण बंद करावं.

कलम ४. हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. एक ओळही गाळू नये.

माझी थोरली बहीण नलिनी कांजूरमार्गला एकटी राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावची आंब्याच्या कलमांची बाग विकली तेव्हा तिच्या वाट्याचे दोन लाख ऐंशी हजार तिने माझ्याकडे सांभाळायला दिले. बँकेत माझ्या नावावर ठेव केली होती. ती मी मोडली.

झालं असं. आमचे व्याही नंदकुमार मुलुंडला राहतात. जेवायला बसले की त्यांचं सिंगापूर सुरू होतं. एकदा मलाही चेव आला. म्हटलं, "डिसेंबरात तुम्हा दोघांना आमच्याबरोबर गोव्याच्या क्रूझवर नेतो. पॉइंट्स आहेत ना आपले! एक पैसा द्यायचा नाही." सूनबाई श्वेता इतकी खूश झाली, की शब्द मागे घ्यायची सोयच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी क्लबला फोन केला. चार वर्षांचे पॉइंट्स जाणार, वर बंदराचा कर आणि जेवणाचा फरक वेगळा. एजंट म्हणाला, "काका, यापेक्षा रोखीत स्वस्त पडेल." शहाण्या माणसाने घरी येऊन तसं सांगितलं असतं. मी गुपचूप रोख भरली, ताईच्या पैशातून, आणि घरी सांगितलं की पॉइंट्सवर झालं.

मी, शेवंती, सिद्धेश, श्वेता, व्याही आणि विहीणबाई, असे सहा. शेवंती म्हणाली, "नलूवन्सं पण येऊ देत ना." तिकीट मिळत होतं, पैसेही उरले होते. पण सहा जणांचं पॉइंट्सवर झालं असं सांगून बसलो होतो; आता सातव्याचे वेगळे पैसे भरले असते, तर व्याही म्हणाले असते, "का हो, पॉइंट्स पुरले नाहीत वाटतं?" म्हणून मी कांजूरला जाऊन ताईला सांगितलं, पॉइंट्समध्ये सहाच माणसं बसतात.

ती लगेच म्हणाली, "तुमी जावा रे. माका बोट लागता."

तिला बोट लागत नाही. ती मला लागते. १९६६ साली आम्ही विजयदुर्गाहून भाऊच्या धक्क्याला बोटीने आलो, मी सात वर्षांचा, ती बारा. रात्रभर मी तिच्या परकरावर ओकत होतो. सकाळी तिने मला कठड्याशी उभं करून मुंबई दाखवली. परत एकदा बोटीत बसायचं, असं ती पुढे कित्येक वर्षं म्हणत असे.

निघताना तिने स्टीलचा डबा दिला. आत आलेपाक होता, मला उलटी होऊ नये म्हणून. बाबांनी गिरणीच्या पगारातून घेतलेला तो डबा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. धक्क्यावर बॅगा तपासताना गार्डने तो बाहेर काढला. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाला. झाकणावरचं नाव मोठ्याने वाचलं, "सीताराम परब. किसका है?" व्याही मागे उभे होते. मी म्हटलं, "आमचा नाही."

शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. त्या डब्याचा विषय तिने आजपर्यंत काढलेला नाही. डबा टेबलाखालच्या टोपलीत गेला.

परत आल्यावर ताईने विचारलं, "डबो खंय रे?" म्हटलं, बोटीत हरवला. ती म्हणाली, "ऱ्हवांदे. दर्या कसो होतो, ता सांग." काय सांगणार? दोन दिवस केबिनमध्ये आडवा पडून ओकत होतो.

शरम वाटते. दुसरा शब्द नाही. तरी माझ्या बँकेतल्या रकमेतून सर्वांत आधी ताईचे दोन लाख ऐंशी हजार व्याजासह तिला द्यावेत. उरेल ते शेवंतीचं. आणि कोणीतरी ताईला बोटीने न्यावं, कठड्याशी जागा मिळेल असं. तिकीट रोखीने काढावं.

कलम ५. हॉलमध्ये क्रूझवरचा सहा जणांचा फोटो आहे, तो उतरवावा. व्याह्यांना हवा असेल तर फ्रेमसकट द्यावा. मनात काही ठेवलेलं नाही. सिंगापूर त्यांनी खरंच पाहिलं होतं.

कलम ६. साक्षीसाठी कारखान्यातला माझा दोस्त भीमराज आला आहे. मजकूर वाचून म्हणाला, "लवू, मेल्यावर माफी मागणार तू? मग ती शिव्या कोणाला घालणार? चल, रिक्षा करू."

म्हणून सह्या झाल्या की आजच आम्ही दोघं कांजूरला जात आहोत. बँक उघडेल तेव्हा पैसेही देईन. ते दिले की कलम चारमधला पैशांचा भाग रद्द समजावा, बाकीचा राहू द्यावा. ते कलम मीच तिला वाचून दाखवणार. भीती वाटते, तेही लिहून ठेवतो. तिने शिव्या घातल्या तर सुटलो. "ऱ्हवांदे" म्हणाली, तर मग मी काय करू?

धक्क्यावर जे नाव माझं नाही म्हणालो, ते खाली पूर्ण लिहिलं आहे.

सही: लवू सीताराम परब

साक्षीदार, आमच्या देखत सही झाली:
१. भीमराज गोविंद कांबळे, विक्रोळी
२. डॉ. हर्षद सामंत, बोरिवली पूर्व

ठिकाण: बोरिवली पूर्व, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार