न मागितलेले मूत्रपिंड

घरात वडीलधारे हयात असताना एकोणतिसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. समोरासमोर बोलायची वेळ आली की माझा आवाज जातो आणि लिहिताना तो सापडतो. एवढेच या धाडसाचे कारण.

मी, आसावरी नकुल निरगुडकर, माहेरची आसावरी दिगंबर खरवडे, मूळ राहणार चाळीसगाव, सध्या मुक्काम नेपरव्हिल, इलिनॉय, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवीत आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ असे आरंभीच लिहिण्याची रीत आहे. ते शब्द मी शेवटी घालीन. आरंभी ते खरे नव्हते.

येत्या मंगळवारी माझे डावे मूत्रपिंड काढून माझे सासरे श्री. त्र्यंबक निरगुडकर, म्हणजे आमचे अप्पा, यांना बसवायचे ठरले आहे. त्याआधी मृत्युपत्र करून ठेवावे, असे रुग्णालयाने सुचवले. माझे पती नकुल यांनी ते इंग्रजीत तयारच करून आणले. त्यात माझे सर्व काही त्यांच्याकडे जात होते. मूळ नमुन्यातला ‘गिव्ह’ त्यांनी खोडला होता. विचारले तर म्हणाले, “ट्रान्सफर केलंय गं तिथे. क्लीन वाटतं. गिव्ह फार इमोशनल होतं.” त्या मसुद्यावर मी सही केलेली नाही व करणार नाही. हेच माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र समजावे.

कलम पहिले. घर माझ्या नावावर नाही, म्हणून त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. बर्फ काढायचे फावडे मात्र माझे म्हणावे लागेल, कारण या घरात आल्यापासून ते दुसऱ्या कोणाच्या हातात मी पाहिलेले नाही. ते नकुल यांना. मूठ सैल आहे, जपून वापरावे.

कलम दुसरे. माझ्या कैलासवासी आईच्या पाटल्या सांता क्लाराला, मोठे दीर यतीन भावोजी यांच्या लॉकरमध्ये आहेत. “सेफ्टीसाठी शिफ्ट करू” असे ते म्हणाले होते. त्यानंतर लग्नकार्यात त्या मला फोटोत दिसल्या, दुसऱ्यांच्या हातात. त्या माझी धाकटी बहीण सुमेधा हिला मिळाव्यात. शिफ्ट केलेली वस्तू परतही शिफ्ट होते, अशी माझी समजूत आहे. चुकत असल्यास भावोजींनी लेखी कळवावे.

कलम तिसरे. पुस्तकांची व्यवस्था लावण्याची गरज उरलेली नाही. अप्पांना खोली हवी होती म्हणून माझी खोकी “जस्ट मूव्ह” होऊन गॅरेजमध्ये गेली आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात फुगून कुजली. त्या पानांना जो वास सुटला होता, तोच हल्ली मला या घरातल्या गुळगुळीत शब्दांना येतो. मला शिसारी येते. अप्पांचेही खरे तर त्या खोक्यांसारखेच झाले. त्यांना या देशात भावोजींनी आणले आणि डायलिसिस सुरू होताच आमच्याकडे पास ऑन केले.

वाचला तो एक इंग्रजी पर्यायी शब्दांचा कोश, दहावीला शाळेत पहिली आल्याचे बक्षीस. तो उशाशी होता म्हणून. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी बोलताना अडखळणारी, पण शब्दाशब्दांतला फरक मला कळतो. ट्रान्सफरमध्ये वस्तूची जागा बदलते, हँडओव्हरमध्ये जबाबदारी पेलणारी मान. फॉरवर्ड म्हणजे दुसऱ्याकडून आलेले पुढे ढकलणे. पास ऑन म्हणजे पुष्कळदा आपल्याला नको असलेले. यांपैकी एकाही शब्दाला देणाऱ्याचा चेहरा लागत नाही. गिव्हला लागतो. तो का खोडला गेला, हे मी समजून आहे. कोश नकुल यांना. गिव्हच्या पानावर खूण घातली आहे.

आता मुख्य विषय. डॉक्टरांनी आधी मुलांची तपासणी करायला सांगितले होते. त्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. बोलणे माझ्या लक्षात आहे.

“माझं यार क्वार्टर एन्ड आहे,” भावोजी म्हणाले. “त्यात इथून फ्लाय करायचं...”

“माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलंय दादा. लाँग लीव्ह रिस्की आहे,” नकुल म्हणाले.

अप्पा म्हणाले, “पोरांची करिअरं आहेत रे. घरातलं घरातच पास ऑन झालं म्हणजे मिळवली.”

“मग आसावरीची टेस्ट करून घे ना,” भावोजी नकुलना म्हणाले. “ती तशीही घरीच असते. रिकव्हरीपण घरीच.”

मी दोन हातांच्या अंतरावर चहा गाळत होते. “अप्पांच्या चहात साखर नको हं,” यापलीकडे मला उद्देशून त्या कॉलमध्ये एकही वाक्य बोलले गेले नाही. माझी तपासणी जुळली, तेव्हा घरच्या ग्रुपवर तिघांचे तीन अंगठे आले. मुलगे आजतागायत तपासले गेलेले नाहीत.

रुग्णालयात दात्याची बाजू पाहायला एक स्वतंत्र बाई नेमलेल्या असतात. काल नकुलना बाहेर बसवून त्यांनी फोनवरच्या दुभाषी बाईंमार्फत मला विचारले, “हे तुमच्याकडे कोणी मागितलं?”

मी आठवत राहिले. नंतर म्हणाले, “कोणी नाही.”

दुभाषी बाई चाचरल्या. “असंच सांगू का ताई?”

“असंच सांगा.”

मला नकार द्यायचा असेल तर घरच्यांना ‘दाता योग्य नाही’ एवढेच कळवू, कारण सांगणार नाही, असे त्या बाईंनी सुचवले. त्यांचा चांगुलपणा मी विसरणार नाही. पण तोही झाकणारा शब्दच झाला. मी योग्य आहे. प्रत्येक तपासणीत योग्य ठरले आहे. मी नाही म्हणत आहे.

म्हणून कलम चौथे. मी जिवंत असेपर्यंत माझी दोन्ही मूत्रपिंडे माझ्याजवळ राहतील. मंगळवारची शस्त्रक्रिया मी रद्द करते. माझ्या मृत्यूनंतर ती प्रतीक्षायादीवरच्या कोणाही अनोळखी माणसाला मी देते. देते, हाच शब्द. मृत्युपत्र उघडेपर्यंत उशीर होतो असे कळल्यावरून अवयवदात्यांच्या नोंदणीतही आज नाव घातले आहे.

अप्पांनी हे वाचून घाबरू नये. डायलिसिसला त्यांना पूर्वीसारखी मीच नेईन. त्यांना दोन मुलगे आहेत. त्यांनी त्यांच्याकडे मागावे. तोंडाने, समोर बसवून, मराठीत.

हे सर्व मी कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिले आहे.

आसावरी नकुल निरगुडकर

आमच्यासमोर सही केली:
१. उल्का फणसळकर, ग्रंथालयातील स्वयंसेविका
२. प्रीता वाघमारे, शेजारीण

स्थळ: सार्वजनिक ग्रंथालय, नेपरव्हिल

प्रती: नकुल, अप्पा, यतीन भावोजी आणि रुग्णालयातील बाई. चौघांना एकाच वेळी पाठवले: गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, दुपारी ४ वाजून ४० मिनिटे.